आकाशाशी रुजुवात

या वर्षीची आश्विन अमावास्या मंगळवार, दिनांक २१ ऑक्टोबर २०२५ रोजी सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी संपते, आणि त्या दिवशी अलिबागेस सूर्य समुद्रात बुडतो तो सहा वाजून दहा-अकरा मिनिटांच्या सुमारास. या जेमतेम पाव तासाच्या अंतरामुळे यंदा लक्ष्मीपूजनाचा दिवस देशात दुभंगला. उत्तरेकडील बहुतेक पंचांगांनी पूजन सोमवारी, २० तारखेस मांडले आणि महाराष्ट्रातील पंचांगांनी मंगळवारी, २१ तारखेस. प्रदोषकाळी अमावास्या कोणत्या दिवशी धरावी, याविषयी दोन्ही पक्षांपाशी शास्त्राधार आहेत, आणि धर्मनिर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे.

या वादात मला विशेष वाटते ती निराळीच गोष्ट. लक्ष्मीपूजन कधी करावे याविषयी ज्यांचे एकमत होत नाही, त्या दृक्प्रत्ययी, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित करणाऱ्या, पंचांगकर्त्यांचे अमावास्या कधी संपते याविषयी मात्र मिनिटापर्यंत एकमत आहे. वाद नियमाचा आहे, आकाशाचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. त्या काळी दोन पंचांगांतील एकाच तिथीच्या समाप्तीत काही घटकांचा फरक सहज पडे, आणि खरी कोणती हे ठरविण्यास सामान्य गृहस्थापाशी साधन नसे. हे एकमत ज्यांच्या परिश्रमातून उभे राहिले त्यांत रायगडच्या किनाऱ्यावरील दोन गावांचा वाटा मोठा आहे, आणि त्या दोन्ही गावांवरून मुंबई-पुण्याचे सहस्रावधी प्रवासी दिवाळीच्या सुटीत समुद्रस्नानासाठी जात असतात. म्हणून या आठवड्यात चंद्र आणि ग्रह कोठे कसे दिसतात हे सांगण्यापूर्वी, ते पाहण्याची शिस्त या किनाऱ्यावर कोणी घातली, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम स्थळाविषयी. पूर्वी ज्यास कुलाबा म्हणत आणि १९८१ पासून ज्यास रायगड हे नाव मिळाले, त्या जिल्ह्याचा किनारा मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत पश्चिमेस तोंड करून उभा आहे. किहीम, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव, रेवदंडा, काशीद, नांदगाव, मुरूड, पलीकडे दिवेआगर आणि श्रीवर्धन: कोणत्याही पुळणीवर उभे राहावे, सूर्यास्ताच्या दिशेस क्षितिजरेषेपर्यंत झाड, घर वा डोंगर आड येत नाही. ग्रहवेधाच्या दृष्टीने ही मोठी संपत्ती होय. कारण बुधासारखा ग्रह आणि शुद्ध द्वितीयेची कोर ही दोन्ही दर्शने क्षितिजाच्या अगदी लगत घडतात, आणि देशावरच्या गावी ती बहुधा एखाद्या टेकडीमागे हरवतात. पूर्वेस मात्र सह्याद्रीचे फाटे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यामुळे पहाटेचे दर्शन हवे असेल त्याने कनकेश्वराचा डोंगर किंवा कोर्लईचा किल्ला गाठावा, अथवा पुळणीवरच पाण्याच्या कडेपर्यंत पश्चिमेकडे सरकून मग पाठीमागे वळून पाहावे.

या किनाऱ्यावर चंद्राचा हिशेब ठेवणारा पहिला मनुष्य ज्योतिषी नव्हता, तो कोळी होता. वरसोलीच्या कोळीवाड्यात, जाळी वाळत घातलेल्या वाळूवर बसलेल्या एका वृद्ध तांडेलाला मी भरतीची वेळ विचारली, तेव्हा त्याने घड्याळाकडे न पाहता मलाच विचारले, “आज तिथी कोणती?” मग म्हणाला, “तिथीची पाऊणपट करायची. निघेल ती भरती.” हा नियम कोकणच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीच्या चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तिनाच्या सुमारास भरती, आणि तिच्यापासून सहा तासांवर, सकाळी व रात्री नवाच्या सुमारास, ओहोटी. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यात राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनास चतुर्थीला पायी जावयाचे असेल, तर वाळूची वाट कधी उघडेल हे या एका गुणाकाराने कळते. चंद्र रोज सरासरीने सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून तितकीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, तेव्हा नियम किंचित आखूड पडतो, पण होडी लोटणाऱ्याला तेवढा पुरेसा आहे. अमावास्या-पौर्णिमेचे पाणी ते उधाणाचे आणि सप्तमी-अष्टमीचे ते भांगाचे, हेही त्याच हिशेबाचे पोटकलम. तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतराचे माप, बारा अंशांची एक तिथी; तेव्हा तिथीवरून भरती सांगणारा तांडेल चंद्रसूर्यांच्या अंतरावरूनच समुद्राची उंची सांगत असतो. त्याचे गणित चुकले तर होडी चिखलात रुतते, आणि चूक त्याच दिवशी पदरात पडते. ग्रहगणिताची चूक अशी तत्काळ उघडी पडत नाही. ती शतकानुशतके साचत राहते.

ही साचलेली चूक ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि निर्भयपणे लिहून ठेवली, ते केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ नांदगावचे. काशीदहून मुरूडकडे जाताना समुद्राच्या काठाने रस्ता ज्या गावातून जातो, जेथील सिद्धिविनायकाचे देवालय प्रसिद्ध आहे, तेच हे नांदगाव. जुन्या ग्रंथांतील नंदिग्राम. पुढे दीर्घकाळ हे गाव जंजिऱ्याच्या संस्थानात होते. परंतु केशवांच्या काळी हबशांचे राज्य अद्याप स्थिरावले नव्हते. केशवांनी शके १४१८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९६ मध्ये, ‘ग्रहकौतुक’ हा करणग्रंथ रचला. त्या काळी ग्रहगणिताचे तीन मुख्य पक्ष होते, सौर, आर्य आणि ब्राह्म. सूर्यसिद्धान्तास अनुसरणारा सौर, आर्यभटास अनुसरणारा आर्य, ब्रह्मगुप्ताच्या परंपरेचा ब्राह्म. ज्याने त्याने आपला पक्ष धरावा, त्यातील ग्रह काढावेत, आणि आकाशात ते तेथे नसले तरी ग्रंथ खरा मानावा, अशी सर्वसाधारण रीत पडून गेली होती. केशवांनी ती मोडली. तिन्ही पक्षांचे ग्रह काढून त्यांनी ते प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिले, कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जमतो आणि कोणता कोणत्याच पक्षाने जमत नाही हे नोंदविले, आणि आपल्या ग्रंथावरील स्वतःच्याच टीकेत पुढील पिढ्यांस उद्देशून स्पष्ट सूचना केली: कालांतराने पुष्कळ अंतर पडेल, तेव्हा भावी गणकांनी ग्रहांचे नक्षत्रांशी होणारे योग, ग्रहांचे परस्परांशी होणारे योग, त्यांचे उदय आणि अस्त पाहावेत, आणि जे वर्तमानात घडताना दिसते त्याप्रमाणे गणित दुरुस्त करावे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोकणातील एका लहान गावी लिहिला गेलेला हा विचार मला आपल्या भाषिक प्रदेशाच्या बौद्धिक इतिहासातील अत्यंत मोलाच्या विचारांपैकी एक वाटतो. ग्रंथ कितीही पूज्य असला तरी त्याची आकाशाशी रुजुवात झाली पाहिजे, आणि ती एकदाच करून भागत नाही, पुनःपुन्हा केली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. कचेरीतील कारकुनास जमाखर्चाची रुजुवात जशी टाळता येत नाही, तशीच गणकास वेधाची टाळता येऊ नये, असा केशवांचा दंडक होता. आणि तो त्यांनी स्वतःच्या गणितालाही लावला.

पुत्राने पित्याचा शब्द प्रमाण मानला तो अशा रीतीने की पित्याचे गणितही तपासले. गणेश दैवज्ञांचा जन्म शके १४२९ चा, इ. स. १५०७ चा. केशवांनी वर्तविलेल्या एका ग्रहणात अंतर पडले, त्यांचा उपहास झाला, म्हणून त्यांनी गणपतीची आराधना केली आणि त्या प्रसादाने हा पुत्र झाला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, चुकलेल्या ग्रहणाचे शल्य ज्या घरात जपले गेले त्या घरचे ते मूल होते, एवढे तीतून कळते. शके १४४२ हा ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचा आरंभकाल. तेव्हा कर्त्याचे वय तेरा वर्षांचे होते असे परंपरा मानते. तेरा वर्षांच्या मुलाने हे कसे केले, हा प्रश्न विचारणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की पित्याच्या आयुष्यभराचे वेध त्याला आयते हाती आले होते, आणि अंगणापुढेच असे स्वच्छ पश्चिमक्षितिज होते.

ग्रहलाघवात आरंभीच एका श्लोकात गणेशांनी आपला सारा ताळा मांडला आहे. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे घ्यावे. चंद्र सौराचा, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे. शुक्राचे केंद्र आर्य आणि ब्राह्म यांच्या मधले. आणि शनी आर्यपक्षाचा, परंतु त्यात पाच अंश मिळवून. येथे पक्षाभिमान कोठेच उरलेला नाही. जेथे जो खरा ठरला तेथे तो घेतला आणि जेथे कोणीच खरा ठरला नाही तेथे स्वतःच्या वेधाने संस्कार दिला. पाच अंश म्हणजे आकाशात दहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत इतके अंतर. शनीसारख्या मंदगती ग्रहात एवढी तफावत कोणाही डोळसाला दिसण्याजोगी होती, आणि तरीही तिच्याकडे डोळेझाक होत आली होती. चंद्राच्या नऊ कलांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नऊ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तृतीयांशाहूनही कमी. नुसत्या डोळ्याने इतके अंतर मोजण्याचा खरा मार्ग एकच, ग्रहणाचे स्पर्श-मोक्ष घटिकायंत्रावर धरणे. आणि या नऊ कलांचे मोल किती? चंद्र सूर्यापासून तासाला सुमारे तीस कला दूर जातो, तेव्हा नऊ कलांनी तिथीची समाप्ती सुमारे अठरा मिनिटांनी हलते. या वर्षी ज्या पाव तासावर लक्ष्मीपूजनाचा वाद उभा राहिला, तेवढ्याच मापाचा दोष नांदगावच्या या गणकाने पाचशे वर्षांपूर्वी चंद्रात पकडला होता.

ग्रहलाघवाची दुसरी थोरवी त्याच्या सुलभतेत आहे. ज्या आणि चाप यांची किचकट सारणी टाळून, केवळ गुणाकार-भागाकारांनी ग्रह स्पष्ट करण्याच्या रीती गणेशांनी बसविल्या. दिवसांची राशी वाढत जाऊन गणित अवजड होऊ नये म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे एक चक्र कल्पिले, ४०१६ दिवसांचे. गेलेली चक्रे निराळी मोजावयाची आणि चालू चक्रातील दिवस निराळे. हाताशी पाटी आणि धूळ एवढेच असलेला खेडेगावचा जोशी या योजनेने ग्रह काढू शकला, आणि म्हणूनच हा ग्रंथ महाराष्ट्रात, गुजरातेत आणि कर्नाटकाच्या मोठ्या भागात शतकानुशतके चालला. पुढे ‘तिथिचिंतामणी’च्या सारण्यांनी त्यांनी पंचांग करणेही सोपे केले, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तीसह टीका शके १४६७ मध्ये, इ. स. १५४५ मध्ये लिहिली. दोनच वर्षांपूर्वी, १५४३ मध्ये, तिकडे कोपर्निकसाचा ग्रंथ छापून झाला होता. आणि ग्रहलाघव रचले गेले त्याच सुमारास, १५२१ मध्ये, नांदगावच्या उत्तरेस चौलच्या खाडीमुखाशी पोर्तुगीज आपला किल्ला उभारू लागले होते. ज्यांची गलबते ताऱ्यांच्या आधाराने अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती ते खलाशी आणि ताऱ्यांच्या आधाराने पंचांग शुद्ध करणारा हा तरुण, एकाच किनाऱ्यावर, एकाच आकाशाखाली होते. त्यांची गाठ पडल्याचा दाखला नाही. पडली असती तर काय झाले असते, हा विचार मला नांदगावच्या पुळणीवर नेहमी अस्वस्थ करतो.

गणेशांनी आपल्या आधीच्या ज्योतिषांची एक मालिकाही सांगितली आहे: प्रत्येकाने रचलेले गणित आपापल्या काळी खरे होते, पुढे ते शिथिल झाले, मग दुसऱ्याने दुरुस्त केले, तेही शिथिल झाले, आणि अखेर केशवांनी व नंतर आपण ते पुन्हा जुळविले. आणि आपलेही दीर्घकाळाने शिथिल झाल्यास चंद्र, ग्रहणे आणि नक्षत्रयोग पाहून पुन्हा नीट करावे, असे त्यांनी लिहून ठेवले. दुर्दैव असे की पुढील तीन शतकांत त्यांचे गणित पाठ झाले आणि त्यांची ही आज्ञा विसरली गेली. ग्रहलाघव हाच एक नवा अढळ पक्ष होऊन बसला.

ही आज्ञा ज्यांनी पुन्हा पाळली ते केरो लक्ष्मण छत्रे, सर्वांचे केरूनाना, त्याच किनाऱ्यावरच्या नागावचे, जन्म १८२५. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईस कुलाब्याला वेधशाळा स्थापिली होती, खगोलीय वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांस अचूक वेळ देण्यासाठी. तेथे प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरूनाना तरुणपणीच नोकरीस लागले, आणि पुढे पुण्यास अध्यापनास गेले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे त्यांनी १८६० मध्ये मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने त्या शुद्ध गणिताचे पंचांग निघू लागले. लोक त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. विरोध पुष्कळ झाला. ग्रहलाघवाने काढलेली तिथी सोडून साहेबाच्या कोष्टकांची तिथी धरावी काय, असे विचारले गेले. या विरोधास सर्वोत्तम उत्तर ग्रहलाघवाच्याच कर्त्याने आधी देऊन ठेवले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात केशव-गणेशांचे हे कार्य यथास्थित मांडले, तेव्हा ते मराठी वाचकांच्या दृष्टीस आले. दीक्षितही मुरूडचेच, पण ते मुरूड रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळचे. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर आणि टिळक यांच्या पिढीने हा झगडा पुढे नेला, आणि आज आपल्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगातील अमावास्येची समाप्ती मिनिटापर्यंत बिनचूक आहे ती त्याचे फळ आहे.

अलिबागची वेधशाळाही याच कुळातली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने कुलाब्याची चुंबकीय यंत्रे बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी ती १९०४ मध्ये अलिबागेस हलविली. लोखंड कटाक्षाने टाळून येथे इमारती बांधल्या गेल्या. समुद्राकाठच्या या आवारात दुर्बीण शोधणाऱ्याची निराशा होते, कारण येथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात. तथापि चंद्र येथेही आहे. वातावरणाच्या उंच थरांतही चंद्राच्या आकर्षणाने भरती-ओहोटी होते, तीतून क्षीण विद्युत्प्रवाह वाहतात, आणि त्यांचा ठसा चुंबकसूचीच्या रोजच्या हालचालीत उमटतो. दीर्घकाळच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे तो वेगळा काढता येतो. तांडेलाला जो पाण्यात दिसतो तोच चंद्र येथे आकड्यांत सापडतो.

आता या आठवड्याचे आकाश. वसुबारसेच्या पहाटे, शुक्रवार १७ तारखेस, क्षीण होत चाललेला चंद्र पूर्वेस मघा नक्षत्राच्या योगताऱ्याच्या निकट आहे. केशवांनी सांगितलेला नक्षत्रयोग म्हणतात तो हाच, आणि दिवाळीचा पहिला वेध घेण्यास याहून सोपा प्रसंग मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीस, पंचांगात गुरू कर्क राशीत प्रवेश करतो. आकाशात राशीच्या सीमा आखलेल्या नाहीत, म्हणून प्रवेश दिसत नाही. दिसतो तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या जवळ स्थिर तेजाने तळपणारा गुरू. साधी द्विनेत्री हातात स्थिर धरता आली, एखाद्या होडीच्या काठावर कोपर टेकून, तर त्याच्या दोहों बाजूंस त्याचे उपग्रह बारीक बिंदूंसारखे दिसतात. १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिले तेच चार. पुढील महिन्याच्या ११ तारखेपासून तो वक्री होतो आणि डिसेंबरात पुन्हा मिथुनेत परततो. घरच्या मुलांनी दर आठवड्यास पुनर्वसूच्या ताऱ्यांशी त्याचे अंतर कागदावर मांडले तर हे थबकणे आणि मागे वळणे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

नरकचतुर्दशी सोमवारी, २० तारखेस. अभ्यंगस्नानासाठी सारे घर पहाटे उठतेच, आणि या एका दिवशी लहान मुलांस झोपेतून ओढून काढण्यास कोणाची हरकत नसते. उटणे लावण्यापूर्वी त्यांना अंगणात आणावे. सूर्योदयाच्या सुमारे पाऊण तास आधी, पूर्वेच्या डोंगराच्या वर, शुक्राची चांदणी आणि तिच्याजवळ वद्य चतुर्दशीची अत्यंत कृश कोर एकत्र दिसते. कोरीचा उरलेला काळा भागही मंद उजळलेला असतो. तो उजेड आपल्याच पृथ्वीचा. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडून पुन्हा आपल्याकडे येतो. मग दोन रात्री चंद्र नाही. पाडव्याच्या सायंकाळी, बुधवारी, अमावास्या संपून साधारण चोवीस तास झालेले असतात. कोर क्षितिजापाशी इतकी खाली आणि इतकी सूक्ष्म असते की ती दिसल्यास भाग्य म्हणावे. ज्याला प्रयत्न करावयाचा असेल त्याने सूर्य पूर्ण बुडाल्यावरच द्विनेत्री डोळ्यांस लावावी, आधी कदापि नाही.

आणि मग भाऊबीज, गुरुवार २३ ऑक्टोबर. या सायंकाळी बहिणी आधी चंद्राला ओवाळतात, आणि जिला भाऊ नाही किंवा जिचा भाऊ दूर देशी आहे ती त्या कोरीलाच भाऊ मानते. मुलांचा तो चांदोमामा आधीपासूनच आहे. यंदा मामा एकटा नाही. पावणेसातच्या सुमारास पश्चिमेस पाहावे: चंद्रकोरीच्या उजव्या बाजूस, हाताच्या दोन बोटांच्या अंतरात, एक ठळक बिंदू आहे तो बुध, त्याच्याही पलीकडे, अधिक मंद आणि तांबूस, मंगळ, ज्यास संधिप्रकाशात पाहण्यास बहुधा द्विनेत्री लागेल. बुधाला अनेक सुशिक्षितांनी जन्मात पाहिलेले नसते. तो सूर्यापासून फार दूर जात नाही, म्हणून तो शोधावयाचा तर असेच खुले क्षितिज लागते, आणि चंद्र जवळ उभा राहून वाट दाखवीत असल्याचा योग वारंवार येत नाही. याच सायंकाळी किनाऱ्यावर तांडेलाचा हिशेबही ताडून पाहावा. द्वितीयेच्या दोहोंची पाऊणपट दीड. भरती दीडला, ओहोटी साडेसातला. म्हणजे कोर समुद्रात बुडते त्या वेळी पाणीही पुळणीपासून दूर हटलेले असले पाहिजे.

उधाणाविषयी एक सूचना मासेमार बांधवांस उपयोगी पडेल. या अमावास्येनंतर दोनच दिवसांनी चंद्र पृथ्वीपासून आपल्या सर्वांत दूरच्या स्थानी पोचतो, सुमारे चार लक्ष सहा हजार किलोमीटर. त्यामुळे दिवाळीचे उधाण सौम्य आहे. उलट ५ नोव्हेंबरची त्रिपुरी पौर्णिमा या वर्षातील सर्वांत निकटच्या चंद्राची आहे, सुमारे तीन लक्ष सत्तावन्न हजार किलोमीटर. त्या पाण्यास जोर अधिक राहील, आणि होड्या बांधताना हे ध्यानात ठेवावे.

शनी सायंकाळपासूनच आग्नेय दिशेस, पूर्वाभाद्रपदाच्या परिसरात, पिवळसर आणि निश्चल दिसतो. रात्री दहाच्या पुढे तो दक्षिणेस माथ्याकडे येतो. ज्यांच्याजवळ लहान दुर्बीण आहे त्यांनी या वर्षी तो अवश्य पाहावा, कारण त्याची कडी सध्या पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसत आहेत. मार्चमध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली. असा योग साधारण पंधरा वर्षांनी येतो. चित्रांतील रुंद वलयाच्या ठिकाणी ग्रहाच्या दोहों बाजूंस केवळ एक बारीक रेघ दिसेल. गणेश दैवज्ञांनी ज्याला पाच अंश पुढे ढकलले तो हाच शनी. त्यांच्या डोळ्यांना कडे दिसत नव्हते, पण तो कोठे असावयास हवा आणि कोठे आहे हे त्यांना कोणाहीपेक्षा अधिक चांगले दिसत होते.

हे आकाश टिकवण्याची चिंता मात्र करावी लागते. उत्तरेस मुंबई आणि उरणच्या बाजूचा उजेड मांडवा-किहीमपर्यंत क्षितिज पांढरे करतो. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तिचा अंमल नीट झाला तर पारंपरिक मच्छीमारांचे हित साधेलच, शिवाय सागरी क्षितिजही काळे राहील. वाड्यांच्या आणि विश्रामगृहांच्या मालकांनी समुद्राकडे रोखलेले दिवे भुईकडे वळविले तर खर्च काहीच नाही. मुंबईचे खगोल मंडळ आणि पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था अशा संस्थांनी सामान्य माणसांस आकाश दाखविण्याचे कार्य वर्षानुवर्षे केले आहे. पण त्यासाठी जिल्ह्याच्या आतील अंधार शोधावा लागतो, आणि किनारा, जेथे ही विद्या वाढली, उजेडात बुडत चालला आहे. काशीदच्या दक्षिणेस, नांदगाव-मुरूडच्या पट्ट्यात आणि त्याखाली दिवेआगरापर्यंत अद्याप पुष्कळ तारे दिसतात.

एक गणित मांडून ठेवतो. ग्रहलाघवाच्या रीतीने चालू शकातून १४४२ वजा करावेत आणि अकरांनी भागावे. यंदाच्या शके १९४७ मधून ५०५ उरतात, म्हणजे पंचेचाळीस चक्रे पूर्ण आणि दहा वर्षे वर. येत्या गुढीपाडव्यास, १९ मार्च २०२६ रोजी, शके १९४८ लागेल. शेष राहील ५०६, म्हणजे बरोबर सेहेचाळीस चक्रे, बाकी शून्य. ग्रंथाच्या आरंभापासूनचा हिशेब त्या दिवशी नव्या चक्रावर येतो, आणि असा दिवस अकरा वर्षांतून एकदाच येतो. माझी सूचना अशी की मुरूड तालुक्यातील शाळांनी त्या पाडव्यास मुलांकडून ग्रहलाघवाच्या रीतीने गुरू काढून घ्यावा. गुणाकार-भागाकार येणाऱ्या मुलास शिक्षकाच्या मदतीने ते जमेल. त्या सायंकाळी गुरू नांदगावच्या जवळजवळ माथ्यावर असेल, पुनर्वसूच्या पश्चिमेस. मुलांनी पुळणीवर उभे राहून त्या ताऱ्यांपासून त्याचे अंतर मोजावे, गणिताचा गुरू आणि आकाशातला गुरू शेजारी शेजारी लिहावेत, आणि जेवढे अंश-कलांचे अंतर निघेल तेवढे तारीख घालून शाळेच्या दप्तरात नोंदवून ठेवावे.